सातव्या मचाणाचा डबा

दिवाळी उरकली की दिग्रसच्या हवेत कापसाचा बारीक भुसा तरंगायला लागतो. जिनिंगकडून वारा सुटला की तो दोरीवरच्या कपड्यांवर बसतो, उघड्या राहिलेल्या दुधावर बसतो, आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळी दोन महिने म्हाताऱ्या दिसतात. कापसाच्या गाड्यांची रांग लागते. गावाला या दिवसांत कापसाशिवाय दुसरं काही सुचत नाही. मला मात्र ज्वारी आठवते. खरं म्हणजे तिचा वास आठवतो. दाणा दुधात असताना दवाने भिजलेल्या ताटांना एक हिरवट, गोडसर वास येतो. तो आता नाकाने घ्यायचा तर बरंच लांब जावं लागतं, कारण आमच्याकडे ज्वारी पेरणं लोकांनी जवळजवळ सोडलंच आहे. एकट्यादुकट्याने पेरली तर साऱ्या शिवारातली पाखरं त्याच्याच वावरात उतरतात, म्हणून कोणीच पेरत नाही. सगळीकडे सोयाबीन, तूर आणि कपाशी. पाखरांनी मग काय केलं, ते पाखरांनाच ठाऊक.

या वर्षी ही आठवण वाऱ्यावरून आली नाही, फोनवरून आली. माझी मुलगी मनू इंग्लंडच्या उत्तरेकडे एका इस्पितळात नर्स आहे. जाऊन पाच महिने झाले. रविवारी सुट्टी होती म्हणून मैत्रिणींबरोबर ती तिथली रोमन लोकांची भिंत बघायला गेली आणि तिने मला एक फोटो पाठवला. हिरवी टेकडी, तिच्या पाठीवरून गेलेली दगडी भिंत, बाजूला चरणाऱ्या दोन मेंढ्या, आणि भिंतीच्या पोटाशी गुडघ्याएवढ्या उंचीचा दगडांचा एक चौकोन. एवढा लहान, की आमच्या शाळेतली नकाशे ठेवायची खोली त्याहून ऐसपैस होती. खाली मनूने लिहिलं होतं, ‘आई, बघ, तुझी मचाणं.’

तो चौकोन म्हणजे टेहळणीच्या बुरुजाचा पाया होता. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण रोमन लोकांना आम्ही दोन परिच्छेदांत उरकायचो, त्यामुळे हे ज्ञान मला मुलीकडूनच झालं. ती भिंत म्हणे या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत जाते. मैलामैलावर एक छोटी गढी, आणि दर दोन गढ्यांच्या मधे दोन बुरूज. एका बुरुजावरून पुढचा नजरेत यावा अशा बेताने बांधलेले. वर थंडीत कुडकुडत चार-दोन शिपाई, कुठल्या कुठल्या उन्हाच्या मुलखातून आणलेले. ते एकमेकांना खूण कशी देत, आग पेटवून की शिंग फुंकून, हे आता कोणाला नक्की सांगता येत नाही. तिथल्याच एका ठाण्यात लाकडाच्या पातळ फळ्यांवर लिहिलेली पत्रं सापडली आहेत, आणि त्यांतल्या एकात कोणीतरी कोणाला तरी मोजे पाठवल्याचं लिहिलं आहे. हे ऐकून मला भारी आनंद झाला. मीही मनूला निघताना लोकरीच्या मोज्यांचे सहा जोड दिले होते आणि ती मला हसली होती.

तो फोटो मी डाव्या हातात फोन धरून पाहिला, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आणि ही गोष्ट मनूला ठाऊक नव्हती.

त्याच्या नऊ दिवस आधी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावरून माझा पाय सरकला. हात टेकवायला गेले आणि मनगट मोडलं. बादली पडल्याचा आवाज ऐकून भिंतीपलीकडून नफिसा धावत आली. ती शिवणकाम करते, तिचा नवरा ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि ती पाचवी ते सातवी माझ्या वर्गात होती, म्हणून अजून मला ‘बाई’ म्हणते. दोघांनी मिळून मला डॉक्टरकडे नेलं. परत येताना ऑटोतच मी तिला बजावलं, की मनूला कळता कामा नये. कारण मनूचा स्वभाव मला माहीत आहे. तिचे वडील गेले तेव्हा ती नर्सिंगची परीक्षा अर्धी टाकून धावत आली होती आणि तिचं वर्ष बुडालं होतं. आता कुठे तिकडे पक्की व्हायला एक महिना राहिला आहे. हात मोडल्याचं ऐकलं की ती दुसऱ्या दिवशी विमानात बसणार.

अडचण एवढीच होती की मी तिला रोज फुलाचं चित्र पाठवते. ती एकटी राहते आणि मीही एकटी राहते, म्हणून आमचं ठरलेलं आहे. तिकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा आमच्याकडे साडेबारा. ती उठते, माझं फूल बघते, एक अंगठा पाठवते, आणि कामाला जाते. आता उजव्या हाताशिवाय मला तो फोन चालवता येईना. नफिसा म्हणाली, द्या, मी पाठवते. तेव्हापासून रोज बाराच्या सुमारास ती हातातली शिलाई ठेवून येत होती आणि माझ्या नावाने फूल पाठवून जात होती. तिची आवड जरा भडक. चमकणारे गुलाब, त्यांवर दवाचे थेंब, मधोमध फुलपाखरू. मनूने फोनवर विचारलंच, ‘आई, तू जास्वंद सोडून गुलाबांवर कशी आलीस?’ मी म्हटलं, वय झालं. समोरासमोर बघून बोलायची वेळ आली तेव्हा फोनचा कॅमेरा बिघडलाय असं सांगितलं. शाळेत मुलांची अशी थाप मी एका मिनिटात पकडली असती.

‘तुझी मचाणं’ असं मनूने लिहिलं, कारण लहानपणी तिला झोपवताना मी मचाणांची गोष्ट सांगत असे. पण ती गोष्ट मी कायम अर्धी सांगितली.

फुलसावंगीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला आमचं वावर होतं. मधे एक नाला, नाल्याच्या त्या बाजूला सागाचं रान, या बाजूला ओळीने शेतं. त्या वेळी सगळ्यांचीच ज्वारी असायची, गावरान, माणूस उभा बुडेल एवढी उंच. नाल्याच्या काठाकाठाने सात मचाणं होती. चार बल्ल्या, वर तुराट्यांची बैठक, पळसाच्या पानांचं छप्पर, आणि चढायला बांबूची शिडी. रात्रीची जागल पुरुष करत, डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायला. दिवसाची राखण पाखरांची, आणि ती बहुतेक बायकांकडे आणि म्हाताऱ्यांकडे. मी त्या वर्षी बारावीला इंग्रजीत गटांगळी खाऊन ऑक्टोबरची फेरपरीक्षा देऊन आले होते. निकाल लागायचा होता. बाबांचा पाय बैलाने तुडवल्यामुळे सुजलेला. आईने माझ्याकडे बघून म्हटलं, ‘घरात बसून निकाल लवकर लागून राह्यला का? जाय, मचाणावर बस.’ मी एकोणीस वर्षांची होते आणि मला हा मोठा अपमान वाटला होता.

अपमान दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मला मचाण आवडायला लागलं. खालून शेत नुसतं हिरवी भिंत दिसतं, वर चढलं की त्याचं पाणी होतं. वारा आला की कणसं एका बाजूने कलत जायची आणि आवाज पोचायच्या आधी वारा दिसायचा. सकाळी चिमण्या, मग पोपट. पोपट मोठे नासाडे, एक कणीस खातील आणि चार कुरतडून टाकतील. नऊ-दहाच्या सुमारास भोरड्यांचा थवा यायचा. आधी आभाळात धुरासारखं काहीतरी वळायचं, आणि ते वळता वळता एकदम खाली उतरायचं. त्या वेळी सातही मचाणांवर माणसं उभी राहायची, गोफणी फिरायच्या, हाकारे उठायचे, आणि थवा पुन्हा वर जायचा. मला गोफण नीट येत नव्हती. माझा पहिला दगड मागे गेला होता, आमच्याच बैलाच्या अंगावर.

आणि एक रीत होती, ती मी कुठे दुसरीकडे पाहिली नाही. प्रत्येक मचाणावर तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा टांगलेला असायचा. पाखरांसाठीही तो वाजवत, पण तीन वेळा तो माणसांसाठी वाजायचा. सकाळी चढल्यावर, दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर, आणि संध्याकाळी उतरायच्या आधी. पहिल्या मचाणावरून दोन ठोके पडले की दुसऱ्याने दोन टाकायचे, मग तिसऱ्याने, असं करत सातव्यापर्यंत जायचं, आणि सातव्यावरून पुन्हा एकेकाने वाजवत परत पहिल्यापर्यंत यायचं. त्या दोन ठोक्यांत पाखरांची बातमी नसे, डुकरांची नसे. ‘मी आहे’ एवढंच. फार पूर्वी एका मचाणावर एकाला साप चावला होता आणि अंधार पडेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून हे सुरू झालं. नियम दोनच होते. ज्याचा डबा त्यानेच वाजवायचा. आणि पुढचा डबा वाजला नाही, तर हातातलं काम टाकून खाली उतरायचं आणि जाऊन बघायचं.

माझं मचाण सहावं. सातवं, शेवटचं, नाल्याच्या वळणावर होतं, आणि त्यावर सीतायाडी बसायची.

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. नाल्याच्या खालच्या अंगाला त्यांचा तांडा होता आणि साऱ्या शिवाराने तिला याडीच करून टाकलं होतं. साठीची असेल, म्हणजे आज मी आहे त्याच वयाची. तेव्हा मला ती अतिप्राचीन वाटायची. हातभर पांढऱ्या बांगड्या, आरसे लावलेला घेरदार घागरा, त्याला ते फेटिया म्हणतात. तिचं मचाण जरा लांब होतं, छपराच्या सावलीत माणूस नीट दिसायचा नाही, पण ती हलली की आरसे चमकायचे. ती चमक दिसली की मला बरं वाटायचं. तिचा डावा खांदा आखडलेला होता आणि उजव्या हाताने लागोपाठ दोनदा मारलं की कळ यायची, म्हणून ती एक ठोका मारून हात बदलायची आणि मग दुसरा मारायची. टण. मग थोडं थांबून, टण. डोळे मिटूनही ओळखू यावा असा तिचा डबा होता.

पाखरांशी तिचं वेगळंच चालायचं. गोफणीत ती दगड घालत नसे. नाल्याच्या मातीच्या गोळ्या वळून उन्हात अर्धवट वाळवायची. त्या कणसांवर आपटून फुटायच्या, मोठा आवाज व्हायचा, पाखरू उडायचं, मरायचं नाही. कडेची एक ओळ तिने त्यांनाच सोडलेली होती. मी म्हटलं, ‘याडी, मग राखण कशाची करता?’ तर म्हणाली, ‘बाकीच्या ओळींची करून राह्यलो ना, छोरी.’ दुपारी कधी कधी मी भाकरी घेऊन तिच्याकडे जायचे. एकदा तिने सांगितलं, की तिचा मुलगा गुलाब तिला खाली उतरवायला निघाला आहे. म्हातारीला दुपारी डुलकी लागते, डबा चुकतो, मग कोणाला तरी धावत यावं लागतं, लोक त्याला बोलतात. त्याने बजावलं होतं, आता आणखी दोनदा चुकलं तर दुसरं माणूस बसवीन.

‘मग घरी आराम करा की,’ मी म्हटलं.

‘घरी बसलो तं सून पोट्टे सांभाळाले लावते,’ याडी म्हणाली. ‘इथी पाखरं सांभाळा लागते. पाखरायचं बरं हाय, नाक पुसा लागत नाई.’ हसली आणि मग हसणं थांबवून म्हणाली, ‘घरी मले कोनी इचारत नाई वं. इथी दिवसातून तीनदा इचारते.’

हे ऐकल्यावर मी काय केलं असेल, ते कोणीही ओळखेल. त्याच आठवड्यात एका दुपारी मी माझा डबा वाजवला आणि सातव्यावरून काहीच आलं नाही. मी उतरले, पळत गेले. याडी बसल्या जागी गाढ झोपली होती, तोंड उघडं, मांडीत अर्धी वळलेली गोफण. तिला उठवावंसं वाटेना. उशीर झाला असता तर पाचव्या मचाणावरच्या देवरावकाकांनी हाक घातली असती, आणि ती गुलाबच्या कानावर गेली असती. म्हणून मी तिचाच डबा तिच्यासारखा वाजवला. टण, थोडं थांबून, टण. मग धापा टाकत परत येऊन माझा परतीचा वाजवला. ओळीत कोणाला कळलं नाही. तिच्या पलीकडे मचाणच नव्हतं, आणि अलीकडे मीच होते.

पुढच्या वेळी मी उतरलेही नाही. माझ्याच डब्यावर, जरा खालच्या कडेला, तिच्यासारखं अंतर ठेवून वाजवलं. चालून गेलं. मग ते माझ्या अंगवळणी पडलं. दुपारी आधी माझे दोन, थोडं थांबून तिचे दोन, पुन्हा माझे दोन. पुष्कळदा ती जागी असायची आणि स्वतः वाजवायची, तेव्हा मी गप्प राहायचे. पण जरा उशीर झाला की माझा हात आपोआप चालायचा. तिला हे ठाऊक होतं. एकदा ती माझ्या मचाणाखाली हुरडा भाजून पळसाच्या पानात ठेवून गेली, तिळाची चटणी लावून. आपण फार थोर काम करतोय असं मला वाटत होतं. एकोणिसाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या चांगुलपणाचं भारी कौतुक असतं.

परवा दुपारी नफिसा फोन घेऊन बसली होती, गुलाब निवडत. तो मनूचा बुरूज अजून पडद्यावर होता. तिने विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. बुरूज, शिपाई, एकाला दुसरा दिसला पाहिजे, वगैरे. तिने बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाली, ‘बाई, राग नका मानू. मी रोज तुमच्या नावानं फूल पाठवून राह्यली. पोरगी तिकडं खूश होते, की आई बरी हाय. उद्या तुमाले काई झालं आन् मी असंच फूल पाठवून देलं तं?’

मी म्हटलं, ‘काही होत नाही मला.’

‘तसं नाई म्हनत मी. पन मले ते बरं नाई वाटत. जीव घाबरते.’ तिने गुलाब पाठवला, फोन उशीखाली सरकवला आणि गेली.  चाळीस वर्षं ज्या दुपारीपाशी जायचं टाळलं होतं, तिथे ती मला सहज सोडून गेली.

ती दुपार अगदी साधी होती. ऊन स्वच्छ, वारा पडलेला, भोरड्या सकाळीच येऊन गेलेल्या. गावच्या वाचनालयातली एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात होती आणि नायिका ऐन संकटात होती. पहिल्या मचाणाकडून ठोके येत गेले, पाचव्यावरून देवरावकाकांचे आले. मी पुस्तकात बोट ठेवून माझे दोन वाजवले. सातव्याकडे बघितलं. चमक नव्हती. हे मला स्वच्छ आठवतं, की चमक नव्हती आणि मी ते पाहिलं. झोपली असेल, असं मनात आलं. टण, थोडं थांबून, टण. मग माझे परतीचे. आणि मी पुन्हा पुस्तकात शिरले.

संध्याकाळी आम्ही नाल्यापर्यंत बरोबर जात असू, म्हणून संध्याकाळचा तिचा डबा मी कधी वाजवत नसे. त्या संध्याकाळी तो आला नाही. मी हाक मारली. मग पुन्हा. मग मी शिडीवरून जवळजवळ उडीच टाकली आणि ज्वारीतून पळत सुटले. पानं तोंडावर सपासप लागत होती. याडी तिच्या मचाणाच्या पायथ्याशी पडलेली होती. शिडीची एक आडवी काठी निसटून बाजूला पडली होती. सूर्य डोळ्यांवर येऊ नये म्हणून तिने ओढणी तोंडावर घेतली होती, आणि पाण्याचं मडकं हाताच्या टप्प्यापासून वीतभर लांब होतं. मी ओढणी बाजूला केली. तिने डोळे उघडले.

‘आली का, छोरी,’ ती म्हणाली.

मी तिला पाणी पाजलं. अर्धं तिच्या गळ्यावर सांडलं. ‘कधी पडलात?’ मी विचारलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या बघण्यावरून मला कळलं. मग मी तिच्या मचाणावर चढून डबा बडवत सुटले, न थांबता, आणि सगळ्या ओळीतून माणसं धावत आली. तांड्यातून गुलाब आला. आईला उचलता उचलता त्याने विचारलं, ‘कवा पडली, याडी?’

‘आत्ताच. उतरता उतरता,’ याडी म्हणाली.

‘व्हय,’ देवरावकाका म्हणाले, ‘दुपारी तं हिचा डबा वाजला ना. मीच आइकला.’

‘वाजवला ना,’ याडी म्हणाली. माझा हात तिच्या हातात होता. तिने तो दाबला नाही, सोडलाही नाही. मी तोंड उघडलं नाही.

तिला बैलगाडीतून आणि मग जीपने पुसदला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ती वाचली, काठी घेऊन चालायला लागली, पण शिडी संपली. पुढच्या हंगामात गुलाबने सातव्या मचाणावर एक बुजगावणं बसवलं आणि त्याला तिचाच जुना फेटिया नेसवला. दुपारी त्याचे आरसे चमकायचे म्हणे. डबे सहाच राहिले. हे मी ऐकलं, पाहिलं नाही, कारण तोवर माझा निकाल लागून मी डी.एड.ला यवतमाळला गेले होते.

जायच्या आधी मी तिला भेटायला तांड्यावर गेले. ती ओट्यावर बसून गोफण विणत होती. सून आत भांडी घासत होती, म्हणून मी हळू आवाजात म्हटलं, ‘याडी, माझ्यामुळे झालं.’

‘काठी निसटली म्हनून झालं,’ ती म्हणाली. ‘तू तं माही झोप झाकून राह्यली होती. वाईट कायले वाटून घेतं?’

मला रडू फुटलं. तिने मला रडू दिलं. गोफणीची गाठ मारून झाल्यावर तिने ती माझ्या मांडीवर टाकली, आणि अगदी शांतपणे, तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगावं म्हणून सांगितलं, ‘पडलो तवा मले काई वाटलं नाई. म्हटलं, दुपार होऊन राह्यली, आता माहा डबा नाई वाजन, छोरी येईन. मंग डबा वाजला. तवा मले कळलं का आता कोनी येत नाई.’

ती गोफण अजून माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. मनूला मी सात मचाणांची गोष्ट सांगायचे, भोरड्यांची, मातीच्या गोळ्यांची, बैलाला लागलेल्या दगडाची. सातव्या मचाणावर एक याडी होती आणि तिचा डबा थांबून थांबून वाजायचा, इथे मी गोष्ट संपवायचे, आणि मनू तोवर झोपलेली असायची. याडीचं ते शेवटचं वाक्य मी तिला कधी सांगितलं नाही. तिच्या वडिलांनाही नाही. मुलांपुढे खरं बोलण्यावर मी एवढे तास घेतले, आणि माझ्याजवळ हे होतं.

काल बारा वाजता नफिसा आली आणि उशीखालून फोन काढू लागली. मी म्हटलं, ‘राहू दे. आज मी पाहते.’ ती समोर बसली. मी फोन गादीवर ठेवला आणि डाव्या हाताच्या एका बोटाने लिहायला लागले. अक्षरं चुकत होती, पुसत होते, परत लिहीत होते. ‘मी पडले. उजवं मनगट मोडलं. अकरा दिवस झाले. फुलं नफिसाची होती.’ एवढ्याला वीस मिनिटं लागली. पाठवून झाल्यावर फोन पालथा ठेवला.

साडेबाराला फोन वाजला. कॅमेरा ‘बरा’ झाला होता, त्यामुळे तिने प्लास्टर पाहिलं, माझं तोंड पाहिलं, आणि आधी मला यथेच्छ झापलं, मग नफिसाला झापलं, मग रडली. मी येते म्हणाली. मी म्हटलं, ‘येऊ नकोस. काही लपवायचं म्हणून नाही म्हणत, खरंच गरज नाही म्हणून म्हणते. डॉक्टरचा कागद दाखवते, तूच वाच.’ तिने तो एका नर्सच्या डोळ्यांनी दोनदा वाचला. मग जरा निवळली आणि म्हणाली, ‘पण मी तुझ्यावर विश्वास कसा ठेवू? रोज फूल येतच होतं.’

तेव्हा मी तिला राहिलेली अर्धी गोष्ट सांगितली. चमक नव्हती इथपासून. नफिसा ओढणीचं टोक तोंडाशी धरून ऐकत होती. याडीचं शेवटचं वाक्य मी तिच्याच शब्दांत सांगितलं, कारण माझ्या शब्दांत ते सांगता येईना. मनूने फोन समोर टेकवून गुडघे पोटाशी घेतले. तिच्या मागे खिडकीत करडा उजेड होता, पायांत मी दिलेले मोजे होते. ‘आणि तिने कोणालाच सांगितलं नाही?’ तिने विचारलं.

‘नाही.’

‘आणि तू?’

‘आता तुला,’ मी म्हटलं.

आम्ही ठरवलं, की फुलं बंद; रोज एकच शब्द, आणि तो मी स्वतः लिहायचा. नफिसाने फक्त हातातली शिलाई घेऊन चहाला यायचं. फोनला तिने हात लावायचा नाही, आणि साडेबारापर्यंत माझं काही गेलं नाही तर मनू तिला फोन करेल आणि ती भिंत ओलांडून येईल. नफिसा म्हणाली, हे पयलेच करा लागत होतं.

आज दुपारी ती समोर बसून होती, मांडीवर कोणाचा तरी अर्धा शिवलेला झगा. खिडकीतून कापसाचा भुसा येऊन प्लास्टरवर बसत होता. मी डाव्या हाताने ‘आ’ दाबलं, पण फोन गादीवरून घसरायला लागला. तो सावरून उशीला टेकवला, हात नीट केला, मग ‘हे’ दाबलं. याडीच्या दोन ठोक्यांत साधारण एवढंच अंतर असायचं. मी ते पाठवलं आणि वाट बघत राहिले.

मग तिकडून आलं, ‘आहे.’